आकृतीतला कप्पा

मेघाची आणि माझी ओळख झाली ती तिनं माझ्या वाचनात खोट काढली तेव्हा. भावसिंगपुऱ्यात त्यांच्या घराच्या माडीवरच्या खोलीत बसून मी इतिहासाचा एक धडा वाचून रेकॉर्ड केला होता. पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून तो बंद, खिडकीला गोधडी टांगलेली, मी घामानं निथळत होते. धडा संपल्यावर मी वाट बघत राहिले की बाई आता 'छान' म्हणतील.

"योगिनीताई, आवाज चांगलाय," ती म्हणाली. "पण तुम्ही वाचत नाही, शिकवता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'कळलं का?' असा सूर लागतो. जे आहे ते वाचा. कळायचं ते ऐकणारा बघून घेईल."

शाळेत मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा ते खरंच होतं. मला राग आला आणि ती आवडलीही. धडा मी पुन्हा वाचला.

मेघा जन्मापासून आंधळी. दिव्यांग, दृष्टिबाधित हे शब्द कुणी जपून वापरायला लागलं की ती हसून म्हणायची, "आंधळीच म्हणा, वेळ वाचतो." वडील रामकिसन वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचे, ते आता घरीच असतात. आई गोजरबाई. मेघा एका सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर. ही तिची नोकरी. तिचं काम मात्र वेगळं होतं. संध्याकाळी घरी आली की चहा घेऊन ती लॅपटॉपसमोर बसायची आणि प्रोग्राम लिहायची. पडद्यावरचं सगळं स्क्रीन रीडर तिला बोलून दाखवायचा, तोही इतक्या वेगानं की मला ते कढईत तडतडणाऱ्या मोहरीसारखं ऐकू यायचं. तिला त्यातला शब्द न् शब्द कळायचा.

या कामातूनच 'कानोकानी' उभं राहिलं. आंधळ्या मुलांसाठी बोलकी पुस्तकं करण्याचं आणि ऐकण्याचं सॉफ्टवेअर. आमच्यासारख्यांनी पुस्तक वाचून द्यायचं. सॉफ्टवेअर आवाज आणि मजकूर यांची सांगड घालायचं. मग मुलगा ऐकता ऐकता कुठंही थांबून एखादा शब्द अक्षर अक्षर तपासू शके, एका धड्यावरून दुसऱ्यावर उडी मारू शके. हे सगळं ओपन सोर्स होतं. त्याचा अर्थ मला तिनंच सांगितला होता. "मी प्रोग्राम कसा लिहिलाय ते कुणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं, घेऊन जावं. झाकपाक नाही. पुण्यातली, नागपुरातली कॉलेजची पोरं काय काय सुधारून पाठवतात. मी त्यांना भेटलेलेसुद्धा नाही."

यात तिचा जोडीदार होता कृष्णा.

कृष्णा वैजापूरकडचा. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन. तो इथं शिकायला आला, वसतिगृहात राहिला, आणि मेघाचा लेखनिक झाला. आंधळ्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो. विद्यार्थी सांगतो, तो लिहितो. मेघाला आधी जे लेखनिक मिळाले त्यांच्या तिच्याकडे एकेक कथा होत्या. एक जांभया द्यायचा. एक तिची उत्तरं 'सुधारायचा' आणि सुधारून नापास करायचा. कृष्णानं पहिल्याच पेपरला सांगितलं, "तू सांगशील तेच लिहीन. चुकीचं सांगितलंस तर चुकीचंच लिहीन."

एका पेपरला तिनं खरंच एक सूत्र चुकीचं सांगितलं. त्याला बरोबर काय ते माहीत होतं. त्यानं चुकीचंच लिहिलं. बाहेर आल्यावर तिला म्हणाला, "तिसऱ्या प्रश्नात चुकलीस." तिचे मार्क गेले, आणि ही गोष्ट ती पुढं भेटेल त्याला अभिमानानं सांगत राहिली. मलाही सांगितली होती. "ताई, असा माणूस मिळत नाही."

कृष्णा त्या घरात मुलासारखा वावरायचा. गोजरबाई त्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. त्याचे वडील केरबा एकदा बाजाराला आले तेव्हा रामकिसनरावांसाठी घोंगडी घेऊन आले होते, अजून ती त्यांच्या पलंगावर आहे. 'कानोकानी'तली कामंही दोघांनी वाटून घेतली होती. आतलं सगळं मेघाचं. दिसण्याचं सगळं, म्हणजे बटणं, रंग, आकृत्या, कृष्णाचं. थोडं दिसणाऱ्या मुलांना, त्यांच्या शिक्षकांना आणि पालकांना रंगही लागतात. मेघा म्हणायची, "रंगातलं मला काय कळतंय? ते तो बघतो."

नव्या फॉरमॅटची गोष्ट सुरू झाली ती पुंजाराममुळं. पुंजाराम हा तिकडं वैजापूरच्याच बाजूचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आंधळा तरुण. 'कानोकानी'च्या ऐकणाऱ्यांतला सगळ्यात तक्रारखोर आणि म्हणून मेघाचा सगळ्यात लाडका. त्याचा फोन आला तेव्हा मी तिथं होते. तिनं स्पीकर लावला.

"ताई, तुमच्या पुस्तकात हे काय घोळ हाय? मजकूर चाललाय नद्यांचा अन् आवाज येतोय पंचायत राजचा!"

"फोल्डर कुणाकडून घेतलंस?"

"रूमवरच्या पोराकडून. मेमरी कार्डावरून."

तिला लगेच कळलं. तोपर्यंत एक पुस्तक म्हणजे एक फोल्डर असायचं. त्यात आवाजाच्या बऱ्याच फाइली, मजकुराची एक फाइल, आणि कुठल्या क्षणी कुठलं वाक्य चालू आहे ते सांगणारी आणखी एक. मुलं हे फोल्डर मोबाइलवरून मोबाइलवर फिरवायची. त्यात एखादी फाइल मागं राहायची, एखादीचं नाव बदलायचं, आणि पुस्तकाचा गोंधळ व्हायचा.

"एकच फाइल पाहिजे," मेघा म्हणाली. "अख्खं पुस्तक एका फाइलीत. जेवणाच्या डब्यासारखं. कप्पे वेगळे, पण वरून कडी एकच. उचलला की सगळं बरोबर आलं."

म्हणून त्या फॉरमॅटचं नावच पडलं 'डबा'. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण ते काम सोपं नव्हतं. फॉरमॅट म्हणजे फाइल आतून कशी रचायची त्याचे नियम. ते इतके स्पष्ट लिहावे लागतात की उद्या कुणी परका माणूस दुसरं सॉफ्टवेअर लिहायला बसला तरी त्यालाही डबा उघडता यावा. मेघा ते नियम महिनोन्‌महिने लिहीत होती. पहिल्या कप्प्यात पुस्तकाचं नाव आणि वाचणाऱ्याचं नाव. मग मजकूर, मग आवाज, मग दोघांची सांगड. लिहिलं की सगळ्यांसमोर ठेवायची. नागपूरची पोरं वाद घालायची, ती ऐकायची, बदलायची. आवाज दाबून लहान कसा करायचा यावरून एका मुलीशी तिचं इतकं वाजलं की शेवटी त्या मुलीचंच म्हणणं तिनं स्वीकारलं आणि नियमांत तिचं नाव घातलं.

शेवटी शेवटी कृष्णा म्हणाला, "एक राखीव कप्पा ठेव. रिकामा."

"कशाला?"

"पुढं काय लागेल सांगता येतं का? उद्या बहिऱ्या मुलांसाठी खुणांच्या भाषेचा व्हिडिओ घालायचा झाला तर? परत नवा फॉरमॅट काढत बसशील?"

तिला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. तिनं राखीव कप्पा ठेवला आणि खाली नियम लिहिला की या कप्प्यात काहीही असलं, नसलं, तरी पुस्तक उघडलंच पाहिजे. तो नियम तिनं मला मुद्दाम वाचायला लावला होता. मराठी नीट झालंय का, हे तिला बघायचं होतं. म्हणून तो मला शब्दशः आठवतो.

डबा जाहीर झाला तो दिवस मोठा होता. एका ग्रंथालयाचं सभागृह मिळालं होतं. मुलं लांबलांबून आली होती, वसतिगृहांतली, गावाकडची, वेरूळजवळच्या एका गावाची तर चुलत भावंडंच. मी दाराशी चहाचं बघत होते. मंचावर मेघा निळ्या साडीत, तिच्या मागच्या पडद्यावर कृष्णानं नियमांची आकृती दाखवली. एकाखाली एक कप्पे, बारीक अक्षरांत त्यांची माहिती. माझ्या जागेवरून ती अक्षरं लागत नव्हती. खाली दोघांची नावं तेवढी ठळक होती. मेघानं माइक घेतला आणि म्हणाली, "हा डबा कुणाच्याही हातानं उघडेल. मी शब्द देते." मुलांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की तिला कोणत्या दिशेला बघून हसावं ते कळेना.

पुढच्या काही महिन्यांत जुनी सगळी पुस्तकं डब्यात भरली गेली. हे काम सर्व्हरवर व्हायचं आणि सर्व्हर कृष्णा सांभाळायचा. जागा पुरत नाही म्हणून जुनी फोल्डरं काढून टाकली, असं त्यानं एकदा बोलता बोलता सांगितलं. मेघा म्हणाली, बरं केलंस.

मग एका सकाळी तिचा फोन थांबेना. आधी पुंजाराम.

"ताई, पुस्तक उघडंना. म्हणतंय, परवानगी नाय."

"कोण म्हणतंय?"

"तुमचं सॉफ्टवेअरच म्हणतंय! परवानगीसाठी कुठलंसं ॲप घ्या म्हणतंय. घेतलं. तर ते म्हणतंय, चित्रातले आकडे टाका. ताई, चित्रातले आकडे मी कुठून आणू?"

ती म्हणाली, काहीतरी बिघडलंय, बघते. कार्यालयातून सुट्टी काढून घरी आली. कृष्णाला फोन लावला, तो उचलेना. मग तिनं मला बोलावलं. मी पोचले तेव्हा ती फॉरमॅटच्या नियमांचं पान उघडून बसली होती. स्क्रीन रीडर भराभर वाचत होता. मजकूर सगळा तिचाच होता, राखीव कप्प्याखालचा नियमही जागच्या जागी. मधे एका ठिकाणी यंत्र थांबलं आणि म्हणालं, "चित्र." आणि पुढं निघून गेलं.

तिनं ते परत मागं नेलं. "चित्र."

"ही ती आकृती," ती म्हणाली. "मी कृष्णाला विचारलं होतं, यात काय आहे? म्हणाला, तू लिहिलंस तेच, डोळेवाल्यांसाठी काढलंय. ताई, तुम्ही वाचा. समजावू नका. जे आहे ते वाचा."

मी वाचायला लागले. पुस्तकाचं नाव. वाचकाचं नाव. मजकूर. आवाज. सांगड. मग राखीव कप्प्याशी आले आणि थांबले.

"वाचा ना."

"'परवानगीची किल्ली,'" मी वाचलं. "'किल्ली जुळत नसल्यास पुस्तक उघडू नये.'"

 मला वाटलं संपलं, पण आकृतीच्या तळाशी आणखी एक ओळ होती, मुंगीएवढ्या अक्षरांत. पडदा मोठा करून मी तीही वाचली. "'मजकूर आणि आकृती यांत फरक आढळल्यास आकृती ग्राह्य धरावी.'"

"पुन्हा," मेघा म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"खाली कुणाची नावं आहेत?"

"तुझं. आणि त्याचं."

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मी बाजूला बसून राहिले. ती प्रोग्रामच्या फाइली एकेक ऐकत गेली, तिच्या स्वतःच्या, ज्या तिला पाठ होत्या. त्यांत काही नव्हतं. मग ज्या फाइलींना तिनं कधी हात लावला नव्हता तिकडं वळली. कुलूप तिथं सापडलं. बटणांचे आणि अक्षरांचे रंग ज्या फाइलीत लिहिले होते, त्या फाइलीच्या पोटात.

"रंगांच्या फाइलीत," ती म्हणाली आणि एकदाच हसली. "मी कशाला जाईन रंग बघायला."

तिनं नागपूरच्या त्या मुलीला फोन केला. ती गोंधळून गेली. "मेघाताई, आम्ही बघितली होती ना आकृती. आम्हाला वाटलं तुमचं ठरलंय. तुमचं नाव होतं खाली." पुण्याच्या मुलानं तेच सांगितलं. सभागृहात ज्याला ज्याला ती अक्षरं लागली असतील, त्याला त्याला तेच वाटलं असणार. सगळ्यांना दिसत होतं. कुणीच तिला सांगितलं नव्हतं, कारण तिला माहीत नाही हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती मंचावर बसली होती आणि तिच्या पाठीमागच्या पडद्यावर ते लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सिडकोत कृष्णाच्या खोलीवर गेलो. फोन उचलला नसला तरी समोर आल्यावर तो टाळणारा नव्हता. दार उघडून म्हणाला, "ये. मीच येणार होतो." मला पाणी दिलं, तिच्या हातात ग्लास नेहमीसारखा अलगद टेकवला.

मला वाटलं ती आल्या आल्या तुटून पडेल. तिनं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला.

"कृष्णा, डब्याची आकृती मला वाचून दाखव."

 त्यानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघत राहिले. ती काय करतेय ते मला तेव्हाच कळलं होतं. त्यानं लॅपटॉप उघडला. परीक्षेत प्रश्न वाचून दाखवताना वाचत असेल तशा स्वच्छ, सपाट आवाजात वाचू लागला. पुस्तकाचं नाव. वाचकाचं नाव. मजकूर. आवाज. सांगड.

"राखीव कप्पा," तो म्हणाला. "आणि खाली आपली नावं. बस."

मेघाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आदल्या दिवशी ते वाक्य ऐकताना ती रडली नव्हती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"योगिनीताई," ती म्हणाली, "तुम्ही वाचा."

मी वाचलं. वरची ओळही आणि तळाचीही. कृष्णानं लॅपटॉप मिटला.

"हे बघ," तो म्हणाला, "प्रकाशक कुलपाशिवाय पुस्तकं देत नाहीत. मी दोन वर्षं त्यांच्या दारात हिंडतोय. नवीन पुस्तकं, परीक्षेची पुस्तकं, जी पोरांना पाहिजेत ती. पुण्याची एक कंपनी 'कानोकानी' घ्यायला तयार होती, पण फॉरमॅटमधे कुलपाची सोय पाहिजे म्हणाली. मला त्यांनी नोकरी दिली, ती मी घेतली, ते काय पाप नाय. माझ्या घरी कोण हाय बघायला?"

"नोकरीचं कोण विचारतंय?"

"पोरांना हजार पुस्तकं मिळतील, मेघा."

"प्रकाशकाच्या पुस्तकांना कुलूप लावायचं तर लाव. ताईंनी फुकट वाचून दिलेल्या पुस्तकांना का लावलंस? कडुबामामांनी वाचलेल्या?"

"सगळ्यालाच लागतं. वेगवेगळं करता येत नव्हतं." मग जरा थांबून, "कंपनीला सगळी पुस्तकं एकत्र पाहिजे होती."

"मला का नाही विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस."

त्यानं मिटलेला लॅपटॉप बाजूला सरकवला.

"चित्रात लिहिलंस," ती म्हणाली. "दुसरीकडं कुठंही लिहिलं असतंस तर मी भांडले असते, हरले असते, डोकं फोडलं असतं. पण तू बसून विचार केलास, की मेघाला काय दिसत नाही? आणि तिथं लिहिलंस. इतक्या वर्षांत तुला माझ्याबद्दल हेच कळलं."

"टेन्शन नको घेऊ यार, आपण मार्ग काढू," असं काहीतरी तो बोलला. खरं सांगायचं तर तोही रडवेला झाला होता. पण ती उठली होती. जिना उतरताना तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पुढचं सगळं तिनं मुकाट्यानं केलं. ओपन सोर्सचा एक गुण असा की लिहिलेलं सगळं, त्यातला प्रत्येक बदल, मागं मागं जाऊन सापडतो. रंगांच्या फाइलीत कुलूप येण्याच्या आदल्या टप्प्यापर्यंत ती मागं गेली आणि तिथून नवा फाटा काढला. 'कानोकानी' हे नाव आणि संकेतस्थळ कृष्णाच्या नावावर होतं, ते गेलं. तिनं नव्याला साधं नाव दिलं, 'ऐक'. डब्याचे नियम पुन्हा लिहिले. राखीव कप्पा काढून टाकला. आणि सगळ्यात वर एक नवा नियम घातला, की या नियमांत चित्र चालणार नाही. जे सांगायचं ते शब्दांत सांगायचं.

जाहीर करताना तिनं कृष्णाचं नाव घेऊन एक अक्षर वाईट लिहिलं नाही. नागपूरच्या मुलीला ते आवडलं नाही. ती म्हणाली, लोकांना कळायला पाहिजे. मेघा म्हणाली, "जुनी आकृती अजून तिथंच आहे. ज्याला डोळे आहेत तो बघेल."

सॉफ्टवेअर परत मिळालं. पुस्तकं मात्र सगळी मिळाली नाहीत. आमच्यापैकी ज्यांनी आपापली रेकॉर्डिंगं घरी ठेवली होती त्यांची पुस्तकं आम्ही पुन्हा भरली. माझी पेन ड्राइव्हवर होती. काहींनी पुन्हा वाचली. रत्नमाला म्हणून एक नर्स आहे, तिनं ड्यूटी सांभाळून अख्खं शरीरशास्त्र दुसऱ्यांदा वाचलं. पण कडुबामामांची पुस्तकं फक्त त्या सर्व्हरवर, कुलूपबंद डब्यांत होती. मामा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे वाचायला यायचे. धडा संपला की खणखणीत आवाजात म्हणायचे, "चला, पुढं सरका!" आणि मग पुढचा धडा. मुलांना भूगोलापेक्षा तेच आवडायचं. मामा आदल्या वर्षीच वारले होते. मेघानं कंपनीला अर्ज केला, मग दुसरा केला. उत्तर आलं की विषय विचाराधीन आहे. तो अजून विचाराधीनच आहे. कुलूप पक्कं आहे, 'ऐक'मधूनही ते उघडत नाही, किल्ली कंपनीकडं आहे, आणि मामांच्या लेकीला वडिलांचा आवाज ऐकायचा तर तिनंही ते ॲप घ्यायचं.

मुलांचं म्हणाल तर मुलं दोन्हीकडं आहेत. प्रकाशकांची पुस्तकं खरंच आली, कृष्णा त्याबाबतीत खोटं बोलला नव्हता. चित्रातले आकडेही नंतर कंपनीनं काढून टाकले. पुंजारामनं फोन करून चाचरत सांगितलं, "ताई, मी तिकडचं बी घेतलंय. परीक्षेचं पुस्तक तिकडंच हाय. तुम्हाला राग नाय ना?"

"घे रे," ती म्हणाली. "अभ्यास कर."

फोन ठेवल्यावर बराच वेळ ती लॅपटॉपचं झाकण उघडत मिटत राहिली.

एकदा गोजरबाईंना शहागंजच्या बाजारात कृष्णा भेटला. घरी येऊन त्यांनी ते लपवलं नाही. मी तिथंच होते.

"पाया पडला," त्या म्हणाल्या. "मला कायच सुचंना. शिव्या द्यायच्या म्हणून तोंड उघडलं अन् तोंडातून निघालं, जेवलास का?"

"आई!" मेघा ओरडलीच. "तुला काही वाटत नाही?"

"वाटतंय की. लई वाटतंय. पर तोंडाला काय सवय लागलीय ती लागलीय." भाजीची पिशवी तशीच धरून त्या उभ्या होत्या. "वाळलाय पार."

मेघा उठून माडीवर गेली. त्या दिवशी मी न वाचताच परत आले.

आता 'ऐक' चांगलं चाललंय. कर्नाटकातल्या काही शिक्षकांनी डब्याचा फॉरमॅट कन्नडसाठी घेतला, त्याची पहिली फाइल त्यांनी मेघाला पाठवली तेव्हा ती, भाषा कळत नसताना, शेवटपर्यंत ऐकत बसली होती. नवीन वाचक येतात, त्यांना ती पूर्वीसारखंच पहिल्या धड्याला फटकारते. बाहेरून बघणाऱ्याला तिच्यात काही बदल झालाय असं वाटणार नाही.

गेल्या महिन्यात एका जुन्या पुस्तकातले नकाशे शब्दांत लिहून द्यायचं काम तिनं मला दिलं. मी आवडीनं केलं. सीमा, नद्या, घाट, सगळं. काम झाल्यावर तिनं मला सांगितलं की तेच नकाशे तिनं रत्नमालालाही दिले होते, वेगळे, आणि दोघींचं लिहिलेलं जुळवून बघितलं.

"जुळलं?" मी विचारलं.

"जुळलं. एका नदीचा फरक होता, ती रत्नमालाची चूक निघाली." मग ती म्हणाली, "ताई, आता मी सगळ्यांचंच असं करते. तुमचंसुद्धा करणार. सांगून करते, पाठीमागं नाही. राग मानू नका."

मी म्हणाले, राग कसला. पण रिक्षात बसल्यावर घरापर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. इतकी वर्षं मी तिच्यासाठी वाचतेय, एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. ती अशी नव्हती. एक माणूस जे घेऊन गेला त्याची भरपाई आता आम्ही सगळे थोडी थोडी करतोय, आणि ती पुरी होईल असं मला वाटत नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी पुढचे नकाशे घेऊन बसले.